उसन्या जमिनीवरचं कुंपण

झान जारा मला गुलाम म्हणायचा आणि मी त्याला गुलाम म्हणायचे. नऊ वर्षांत आमच्यापैकी एकानेही माघार घेतली नाही. जारा आणि त्राओरे या दोन कुळांत हे वाडवडिलांपासून चालत आलंय. समोरच्याला तोंडाला येईल ते बोलायचं, आणि ज्याला राग येईल त्याचीच गावात शोभा. एरवी पांढऱ्या दाढीच्या माणसाला मी अरेतुरे केलं असतं तर बायकांनी माझी जीभ हासडली असती, पण या थट्टेत वय मोजत नाहीत. म्हातारा रोज सकाळी काठी टेकत माझ्या दारावरून जायचा आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"न्याकाले त्राओरे! माझी गुलाम उठली का? की काल पुन्हा चवळी खाऊन पोट फुगलंय?"

"उठलेय. चवळी तर तू खाल्लीस, चवळीखाऊ. वास इथवर येतोय. माझा गुलाम असून आंघोळ करत नाहीस, लोक मला नावं ठेवतात."

तो खूश होऊन पुढे जायचा. ज्या दिवशी मी काही बोलले नाही, त्या दिवशी परत फिरून यायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "ताप आहे का गं?"

मी काही या गावची नाही. उत्तरेकडच्या वाळूच्या मुलखातली. माझा नवरा पावसाच्या मागे दक्षिणेकडे आला, आम्हाला या कोतोबुगु गावात ठेवून सोनं खणायला गेला, आणि तिथे खड्डा अंगावर कोसळून वारला. पदरात चार वर्षांची मिनाता. परत जायचं तर कुणाकडे? मानाची म्हणून न्यायची दहा कोला फळं फडक्यात बांधली आणि जमीन मागायला झान जाराच्या अंगणात जाऊन बसले. हे गाव जारांनीच वसवलेलं, माती त्यांची. म्हाताऱ्याने माझं कुळ विचारलं. त्राओरे म्हटल्यावर त्याचा चेहरा असा काही फुलला, जणू मीच त्याला जमीन द्यायला आले होते.

"बायकांनो, या गं! माझी पळून गेलेली गुलाम परत आली!"

मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. हे मी त्याचे उपकारच मानते. जमिनीच्याही आधीचे.

मग त्याने एक कोला फोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः चघळला आणि थट्टा बाजूला ठेवून म्हणाला, "ज्वारी पेर, भुईमूग पेर, भेंडी लाव. झाड तेवढं लावू नकोस. पीक तुझं, माती आमची."

हे काही त्याने सांगायला नको होतं. आमच्याकडे शेताचे कागद नसतात, झाड हाच कागद. उसन्या जमिनीत ज्याने झाड लावलं त्याने, तोंडाने नाही म्हटलं तरी, ही जमीन माझी असं म्हटलंच. दर सुगीनंतर मी टोपलीभर शेंगा आणि दहा कोला नेऊन देत होते, म्हणजे माती कुणाची ते मी विसरले नाही एवढं कळावं.

जारांच्या शेतांना मोगली एरंडाचं कुंपण होतं. आमच्या बोलीत बागानी. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून लावायचं. बियांकडे कुणी बघायचंही नाही, म्हाताऱ्या बायका वेचून साबण करायच्या तेवढंच. माझ्या शेताला मात्र काहीच नाही. दर वर्षी बाभळीच्या काट्यांचे भारे डोक्यावर आणायचे, शेताभोवती रचायचे, हात रक्तबंबाळ करून घ्यायचे, आणि तरी सप्टेंबरात शेळ्या आत. एकदा कापणीच्या आदल्या आठवड्यात निम्मा भुईमूग गेला. शेळ्या कुणाच्या? जारांच्या. म्हातारा म्हणाला, "मालकाच्या शेळ्या गुलामाच्या शेतात नाही चरणार तर कुठे चरणार?" आणि पाठोपाठ शेंगांचं पोतं पाठवून दिलं.

मग वासा कोनेने गावात इंजिन आणलं. वासा आमच्या बायकांच्या मंडळाची पुढारी. आवाज असा, की बाजारात ती कुजबुजली तरी भाव कळतो. बाजाराच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहिली. घाण्यात बागानीच्या बिया टाकायच्या, तेल गाळायचं आणि तेच तेल इंजिनाला पाजायचं. इंजिनावर गिरणी चालते, भात सडतो, मोबाइल चार्ज होतात, बाळंतिणींच्या खोलीत दिवा लागतो. पेंड जनावरांना चालत नाही, विषारी, पण खत म्हणून उत्तम. आधी एका माणसाची डिझेलची गिरणी होती. पावसात रस्ता खचला की पिंपं यायची नाहीत आणि गाव पुन्हा उखळाकडे. आता तेल आमच्याच बांधावर पिकायला लागलं.

इंजिनाने कुणाला काय दिलं ते मला माहीत नाही, मला माझी लेक दिली. नऊ वर्षांच्या मिनाताच्या हाताला मुसळाचे घट्टे पडले होते. पहाटेपासून आम्ही दोघी ज्वारी कांडायचो, आणि मग ती शाळेत जाऊन बाकावर पेंगायची. गिरणी आली आणि थाळाभर बियांच्या बदल्यात आठवड्याचं पीठ मिळायला लागलं. पोर शाळेत जागी राहिली. वर्षाअखेर मास्तर घरी येऊन म्हणाले, "ही वर्गात इतके प्रश्न विचारते, मला घरून अभ्यास करून जावं लागतं." ते मास्तरही त्राओरे, तेव्हा कौतुकात कुळाचा थोडा वाटा असणार. पण मी रडले.

फक्त बिया कुठून आणायच्या? ज्यांना कुंपण त्यांना बिया. मी पायवाटेवर पडलेल्या वेचायचे, आणि माझ्यासारख्या वेचणाऱ्या गावात पुष्कळ. बाहेरून आलेली बारा घरं होती आमची.

आता जे झालं ते सरळ सांगते. काट्यांच्या भाऱ्यांना आधाराला खुंट लागतात. मी जारांच्या बायकांकडून बागानीच्या छाटलेल्या फांद्या मागून आणल्या आणि शेताच्या कडेने ठोकल्या. मनाशी म्हटलं, हे काही झाड नाही, नुसते खुंट आहेत. खोटं कशाला बोलू? बागानीची फांदी ओल्या मातीत खोचली की मूळ धरते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं, एवढंच.

पाऊस झाला आणि खुंटांना कोवळी पानं फुटली. तेव्हा उपटायला हवं होतं. मी रोज शेतात जायचे, पानं बघायचे, आणि उद्या उपटू म्हणून घरी यायचे. दुसऱ्या वर्षी एकही शेंग शेळीने खाल्ली नाही, आणि कुंपणाला बिया धरल्या. पहिली टोपली वासाच्या घाण्यावर नेली तेव्हा तिने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते हळू बोलली.

"वाटेवरच्या बिया इतक्या नसतात, न्याकाले."

"यंदा वाट चांगली पिकली," मी म्हटलं.

तिने पीठ दिलं, काही विचारलं नाही. पण एव्हाना पुरुषांचं लक्ष बांधांकडे गेलं होतं. शेळ्या अडवायच्या होत्या तोवर कुंपण बायकांचं. बियांना किंमत आली तसे पुरुष पावलांनी बांध मोजायला लागले. भावाभावांत मधल्या कुंपणावरून अबोला धरला गेला. झान जाराने वय झालं म्हणून शेतीचा कारभार थोरल्या मुलाकडे, बुरामाकडे दिला होता. बुरामा पावलं मोजत मोजत माझ्या शेतापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

बुरामा वाईट माणूस नाही. पण त्याला थट्टा जमत नसे. बापाने त्राओरेंना शिव्या दिल्या की तो पायाकडे बघायचा. त्या दिवशीही तो आवाज न चढवता बोलला.

"न्याकाले, हे काय लावलंस?"

"खुंट आहेत, भाऊ."

"खुंटांना बिया धरतात?"

मी पानांकडे बघितलं. तो म्हणाला, "आज तू लावलंस. उद्या बाकीची अकरा घरं लावतील. परवा माझ्या मुलांना त्यांच्याच गावात जमीन मागावी लागेल. गुरुवारी शेडपाशी गाव बसेल. तिथे मी शेत परत मागणार आहे."

शेत गेलं म्हणजे गाव गेलं. आणि गाव गेलं म्हणजे मिनाताची शाळा, म्हणजे पुन्हा वाळू, पुन्हा उखळ. बरं, भांडायचं तरी कशावर? नियम मला माहीत होता, अर्धा कोला चघळत ऐकला होता.

गुरुवारी सकाळी मी कोयता घेऊन शेतात गेले. कुंपणच नसेल तर दावा कसला, असा विचार केला. स्वतःच्या हाताने कापायचं आणि गावासमोर माफी मागायची. बागानीचं खोड मऊ, दोन घावांत पडतं. कापलं की पांढरा चीक गळतो. मी अकरा झाडं पाडली होती. बाराव्याला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"ए चवळीखाऊ! माझं कुंपण तोडायची परवानगी तुला कुणी दिली?"

झान जारा बांधावर उभा होता. गावापासून तिथवर चालत आला होता, छाती भात्यासारखी चालत होती. मला थट्टा सुचण्याचा तो दिवस नव्हता.

"बाबा, आज नको," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मला माहीत होतं, मूळ धरणार ते."

"मलाही माहीत होतं. मी दोन वर्षं या वाटेने जातोय. आंधळा आहे का मी?"

"मग बोलला का नाहीस?"

तो खाली बसला. पडलेली एक फांदी उचलून तिचा चीक बोटाने पुसला. "शेळ्या माझ्या होत्या," तो म्हणाला. "दर वर्षी पोतं पाठवायचं, त्यापेक्षा हे बरं, असं वाटलं."

मग मी रडले. त्याने रडू दिलं. नंतर म्हणाला, "बुरामा चुकत नाहीये. नियम मीच सांगितला होता तुला. मी नुसतं राहू दे म्हटलं तर मी आहे तोवर राहील, आणि मी गेल्यावर तो उपटेल, आणि त्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही. तेव्हा हे गावासमोर मिटायला हवं, आणि मिटवायचं तुझ्या हातात आहे. मला सांग, तू माझी कोण?"

"मी? तू माझा गुलाम."

"ते झालं. आज तेवढं सोड. गुलामाचे हात म्हणजे मालकाचे हात. तू लावलेलं झाड मी लावलेलं. मग दावा कुठे राहिला? पण हे मी बोलून भागत नाही, जारा तर हे रोजच बोलतो. हे त्राओरेच्या तोंडून यायला हवं."

तो काय मागत होता ते माझ्या लक्षात आलं. माझा बाप मरेपर्यंत कुठल्या जारापुढे नमला नव्हता. शेवटच्या दुखण्यात औषध घेऊन आलेल्या जारालासुद्धा त्याने "ठेव तिथे, गुलामा" म्हटलं होतं. ही थट्टा खरी, पण त्यात हरायचं नसतं.

"दुसरं काही माग," मी म्हटलं.

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?" म्हाताऱ्याने हात पुढे केला. "उठव मला. मालकाला चालवत ने."

वासाने त्या दिवशी इंजिन बंद ठेवलं होतं. शेडच्या सावलीत गाव बसलं होतं. बुरामा उभा राहिला आणि जे मला बोलला तेच गावाला बोलला, एक शब्द जास्त नाही. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या बाकी घरांच्या बायका जमिनीकडे बघत होत्या. मग झान जाराने बसल्या जागेवरून काठी आपटली.

"बुरामा, हे कुंपण लावलं कुणी?"

"न्याकालेने."

"न्याकाले कुठल्या कुळाची?"

"त्राओरे."

"आणि त्राओरे आपले कोण लागतात?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बुरामाने पायाकडे बघितलं. पण बाप सगळ्यांसमोर विचारत होता, आणि या प्रश्नाला जाराचं उत्तर एकच असतं.

"गुलाम," तो पुटपुटला.

"जोरात बोल, घरचंच आहे. आणि गुलामाने लावलेलं झाड कुणाचं?"

"बाबा, हे आपण म्हणतो." बुरामाने मान वर केली. तो बुद्धीने बापाच्या वर आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं. "ती म्हणते का? आजवर कुठल्या त्राओरेने म्हटलंय? तिने गावासमोर म्हणावं, मी या क्षणी खाली बसतो."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी उठले. मास्तरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, बाई, कुळाची लाज राख. मिनाता मुलींच्या रांगेत बसली होती, हातात वही. मी तिच्याकडे बघितलं आणि झान जारासमोर गुडघ्यावर बसले.

"हो, मालक," मी म्हटलं. "हात माझे, झाडं तुझी."

मग शेड अशी दणाणली की पत्र्यावरची पाखरं उडाली. वासा मांडीवर थापा मारत होती. मास्तरांनी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. "बुडवलंस! अगं, सगळ्या त्राओरेंना बुडवलंस!" म्हातारा हसता हसता खोकत होता, त्याचे डोळे वाहत होते. आणि बुरामा, शब्दाला जागून, खाली बसला. त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, हे मी या डोळ्यांनी बघितलं.

तिथेच ठरलं. बिया लावणाऱ्याच्या, झाड आणि माती मालकाची, लावायचं ते फक्त कडेने, आणि दर सुगीला गावासमोर हे एकदा म्हणायचं. बाकीच्या अकरा घरांनाही तेच लागू झालं. त्यांना बिचाऱ्यांना गुलाम न होताच मिळालं, याची वासा मला अजून आठवण करून देते. मला त्याचं काही नाही. दोन वर्षांनी त्यांची कुंपणं धरली आणि उन्हाळ्यात बियांवाचून बंद पडणारं इंजिन बारा महिने चालायला लागलं.

म्हाताऱ्याला ते बघायला मिळालं नाही. तो त्या गुरुवारनंतरच्या सुगीतच गेला. तोवर मात्र एक सकाळ त्याने सोडली नाही. दारात उभा राहून म्हणायचा, "पुन्हा एकदा म्हण गं. कान जुने झालेत, नीट ऐकलं नव्हतं."

आमच्याकडे मयताच्या घरी थट्टेच्या कुळाने रडायचं नसतं. बाकी सगळे रडतात, म्हणून आपण हसवायचं. तिरडी अंगणातून निघाली की आडवं पडायचं, आणि दंड घेतल्याशिवाय वाट सोडायची नाही. मी जाराच्या दारात आडवी झाले. वर बघितलं तर चटईत गुंडाळलेला तो, आणि पुढे बुरामा.

"कुठे नेताय माझ्या गुलामाला?" मी ओरडले. आवाज फाटला, पण ओरडले. "त्याने मला फसवून मालक म्हणायला लावलं आणि आता कामाच्या वेळी झोपलाय! उठवा त्याला! शेंगा काढायच्या राहिल्यात!"

बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, रडत होत्या. बुरामाने विचारलं, "काय दंड घेशील?"

लोक अशा वेळी कोंबडी मागतात, साखर मागतात. मी काय मागायचं ते ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

"माझ्या कुंपणात अकरा भगदाडं आहेत. ती तू बुजवायची. तुझ्या हाताने."

त्याने मान हलवली. मी वाट सोडली.

पेरणीच्या आधी, एका सकाळी, मी शेतात तण काढत होते. बुरामा बांधावरून आला. खांद्यावर बागानीचे अकरा खुंट, बापाच्या स्वतःच्या कुंपणातून छाटलेले, हातात कुदळ. पहिल्या भगदाडापाशी थांबला, घसा खाकरला. मी पाहिलं, त्याला घाम आला होता, आणि ऊन तर अजून वर यायचं होतं.

"ए चवळीखाऊ," तो म्हणाला. शब्द त्याच्या तोंडात नव्या चपलेसारखे करकरत होते. "ए गुलाम, खड्डे किती खोल घेऊ?"

नऊ वर्षं मी एका जाराला शब्दाला शब्द दिला होता. त्या दिवशी शिवी द्यायचं सोडून मी मातीचे हात लुगड्याला पुसले.

"मूळ धरेल एवढे," मी शेवटी म्हटलं. तो खणायला लागला.